लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडसेट: गाणी झकास, कॉलवर मात्र आवाजाची वाट का लागते?

येऊरची_वाट
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, प्रश्न नीट मांडला तर उत्तरंही नीट मिळतील म्हणून.

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो, ऑफिस ऐरोलीला, पण आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम असतं. दिवसभर लॅपटॉपवर कॉल, कधी टीम्स कधी मीट, आणि रविवारी कॅनडातल्या बहिणीशी गप्पा. घर घोडबंदर रोडच्या बाजूला तोंड करून आहे, ट्रक, हॉर्न आणि कायम कुठेतरी चालू असलेलं खोदकाम, म्हणून चांगल्यापैकी पैसे घालून कान पूर्ण झाकणारा ब्लूटूथ हेडसेट घेतला. गाणी ऐकायला एक नंबर. तबल्याचा बायाँ अगदी पोटात घुमतो.

पण कॉल सुरू झाला रे झाला की आवाज एकदम पडतो. मला समोरच्यांचा आवाज पातळ, किनरा ऐकू येतो, आणि ते लोक मला विचारतात की तू लँडलाईनवरून बोलतोयस का. कॉल कट केला की लगेच सगळं पूर्ववत. हाच हेडसेट मोबाईलला लावून फोन केला तर एवढं खटकत नाही. दुकानात दाखवला, ते म्हणाले पीस ओके आहे. नेट फायबरचं आहे, स्पीड व्यवस्थित येतो.

आता हा दोष हेडसेटचा, लॅपटॉपचा, की विंडोजचा? आणि मुळात लॅपटॉपवरच्या कॉलसाठी वायरलेस घ्यावा की नाही? रोज वापरणाऱ्यांनी कृपया लिहा.

वायरवाली
वायरचा घ्या. विषय संपला. :)

सेक्टर_सतरा
वायरवाली, विषय संपवायला आलात की काय, अजून पहिला चहा पण झाला नाही धाग्याचा!

खाडीपूल
येऊरची_वाट, तुमचं काहीही बिघडलेलं नाही. हेडसेट चांगला, लॅपटॉप चांगला, नेटचा तर यात संबंधच नाही. ब्लूटूथची रचनाच तशी आहे.

ब्लूटूथवर आवाज न्यायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्यांना प्रोफाईल म्हणतात. एक एटूडीपी. ही गाण्यांसाठी. स्टीरिओ, भरपूर डेटा, पण एकाच दिशेने, लॅपटॉपकडून कानाकडे. यात माईकला जागाच ठेवलेली नाही. दुसरी हँड्सफ्री, म्हणजे एचएफपी. ही मुळात गाडीतल्या हँड्सफ्रीसाठी आणि फोनच्या हेडसेटसाठी केलेली, दोन्ही दिशांनी आवाज जातो पण मोनो आणि खूप कमी डेटा. ज्या क्षणाला टीम्स किंवा मीट हेडसेटचा माईक उघडतं त्या क्षणाला लॅपटॉप पहिली पद्धत सोडून दुसरीवर उडी मारतो. म्हणून तुमचा बायाँ गायब. पहिल्या पद्धतीत साधा एसबीसी कोडेक (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची रीत) वापरला तरी ३२८ केबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३२८ हजार बिट डेटा जातो, दुसऱ्यात जेमतेम ६४.

जुना कोपरी पूल आठवा, अलीकडे पलीकडे हायवे ऐसपैस आणि मध्ये पूल अरुंद. तुमचं फायबर हायवे आहे, ॲपसुद्धा चांगलंच आहे, आजकालच्या ब्राउझरमधल्या कॉलला ओपस कोडेक असतो, २०१२ साली आला, तो सेकंदाला आवाजाच्या ४८,००० मोजण्यांपर्यंत जातो. सगळं अडतंय ते लॅपटॉप ते कान या शेवटच्या दोन फुटांत.

उपाय फुकट आहे. टीम्सच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट ठेवा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा. हेडसेटचा माईक कोणी उघडलाच नाही तर विंडोज एटूडीपी सोडत नाही. आजच करून बघा.

येऊरची_वाट
खाडीपूल, तुम्ही देवमाणूस आहात. आत्ताच बहिणीला फोन लावून करून बघितलं. कानात आवाज एकदम भरलेला! तीही म्हणाली तुझा आवाज मोकळा येतोय. पण तिला मागून रिक्षाचे हॉर्न पण ऐकू आले.

पाम_बीच
तेच लिहायला आले होते. खाडीपूल यांचा उपाय बरोबर आहे पण तो शांत घरासाठी. लॅपटॉपचा माईक दीड-दोन फुटांवर, त्याला तुमचा आवाज आणि खिडकीतला आवाज यात फारसा फरक नाही. आमच्या कोपरखैरण्याच्या रो हाऊसच्या गल्लीत दुपारी भंगारवाला येतो, त्याची ती लांबलचक हाक एकदा थेट क्लायंटच्या मीटिंगमध्ये गेली. समोरून विचारलं की तुमच्या टीममधल्या नवीन सहकाऱ्याला काही बोलायचं आहे का!

सेक्टर_सतरा
पाम_बीच, त्याला घेऊन टाका टीममध्ये, वेळेवर येतो, आवाज खणखणीत, आणि जुना माल उचलायची तयारी. आमच्या ऑफिसला अशाच माणसाची गरज आहे.

एक्स्चेंजवाले_काका
खाडीपूल यांचा ६४ चा आकडा वाचला आणि राहवलं नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. हा आकडा आमचा जुना ओळखीचा.

टेलिफोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात नेतात. कान त्याच्या कितीतरी वर ऐकतो, पण बोलणं कळायला एवढं पुरतं असं जुन्या लोकांनी ठरवलं. एक्स्चेंज डिजिटल झाल्यावर हा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणीला ८ बिट द्यायचे. गुणाकार करा, ६४,००० बिट. ब्लूटूथच्या जुन्या हँड्सफ्रीत सीव्हीएसडी नावाची वेगळी पद्धत वापरतात पण तिलाही सेकंदाला ६४,००० बिटच दिलेत आणि आवाजाचा पट्टा टेलिफोनचाच. म्हणजे तुम्हाला "लँडलाईनवरून बोलतोयस का" असं विचारणाऱ्याचे कान अगदी तयार आहेत, त्याला माझा नमस्कार सांगा.

सेकंदाला ८००० मोजण्या म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच टिकत नाही. मराठीत याचा फटका स, श, फ या अक्षरांना बसतो, कारण त्यांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. "साठ" म्हटलं की समोरच्याला "आठ" ऐकू जातं. आम्ही लाईनवर आकडे सांगताना कधीच साठ म्हणायचो नाही, "सहा शून्य" म्हणायचो. तुम्ही लोक कॉलवर रकमा आणि ओटीपी सांगता, तेव्हा हे लक्षात ठेवा.

गुणगुण
काका, किती छान समजावलंत. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते.

नेरूळ_पूर्व
साठ आणि आठ! अहो आमच्याकडे औषधांच्या गोळ्यांवरून असंच झालं होतं, आईने मेडिकलवाल्याला सांगितलं एक आणि त्याने ऐकलं भलतंच. तेव्हापासून आम्ही लिहूनच पाठवतो.

खाडीपूल
काका, __/\__. त्यात एक भर घालतो. २०११ मध्ये हँड्सफ्रीची १.६ आवृत्ती आली, तिच्यात एमएसबीसी नावाचा कोडेक आला. तो सेकंदाला १६,००० मोजण्या करतो, म्हणजे पट्टा दुप्पट, सात हजार हर्ट्झपर्यंत आवाज जातो. याला वाईडबँड म्हणतात. स आणि श यात बऱ्यापैकी वाचतात. पण हेडसेट, लॅपटॉपची ब्लूटूथ चिप आणि ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) तिघांनाही तो यावा लागतो, एकाला जरी येत नसेल तरी गुपचूप जुन्या पद्धतीवर जातं आणि तुम्हाला कोणी सांगत पण नाही. मोबाईलमध्ये हे बहुतेक जमलेलं असतं, शिवाय हल्ली फोरजीवरून जाणारा फोनही वाईडबँड असतो, म्हणून मोबाईलवर तुम्हाला खटकलं नाही. लॅपटॉपचा ब्लूटूथ ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नवीन टाकून बघा, त्यानेच कधीकधी फरक पडतो.

सफरचंदी
मॅकवर पण हीच गंमत आहे, महाग आहे म्हणून सुटका नाही. साऊंडच्या सेटिंगमध्ये इनपुट मॅकबुकचाच माईक करायचा. मॅकबुकचे माईक चांगले असतात त्यामुळे माझं काम होतं. आम्ही खारघरला सातव्या मजल्यावर, समोर डोंगर, पावसाळा सोडला तर आवाज शून्य.

सेक्टर_सतरा
पावसाळा सोडला तर म्हणजे?

सफरचंदी
अहो पांडवकड्याचा धबधबा सुरू झाला की गर्दी, हॉर्न, गाण्याचे स्पीकर. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवार मी कॉल घेतच नाही.

अढळपद
लिनक्सवाल्यांसाठी: पाव्हूकंट्रोल (आवाजाच्या सेटिंगचं ॲप) उघडा, शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये हेडसेटची दोन्ही प्रोफाईल स्पष्ट दिसतात, कुठल्या कोडेकवर आहे तेही दिसतं. लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओमध्ये एमएसबीसी २०२१ च्या १५ व्या आवृत्तीत आला, आता बहुतेक डिस्ट्रोत त्याच्या जागी पाईपवायर आहे, त्यात नीट चालतं. माईक उघडला की आपोआप हँड्सफ्रीवर जातं, ते नको असेल तर बंद करता येतं. विंडोजला हे सगळं झाकून ठेवायची काय हौस आहे कळत नाही.

खाडीपूल
अढळपद, विंडोज १० मध्ये दिसायचं की. एकाच हेडसेटची दोन नावं यायची, एक स्टीरिओ आणि एक हँड्सफ्री, आणि लोक चुकीचं निवडून बसायचे. ११ मध्ये ती एकत्र केली. निवडायचा ताप गेला पण आत काय चाललंय ते कळायचंही बंद झालं. ज्यांना हेडसेटचा माईक कधीच नको आहे त्यांनी जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिव्हायसेस अँड प्रिंटर्समध्ये जाऊन हेडसेटच्या प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिसेस टॅबवर हँड्सफ्री टेलिफोनीची टिक काढून टाकावी. मग कुठलंही ॲप कितीही रडलं तरी माईक उघडू शकत नाही.

अजून एक, त्याच जुन्या साऊंड पॅनेलमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकी आवाज ८० टक्के कमी करा, असं तिथे आधीपासून निवडलेलं असतं. व्हिडिओ मध्येच दबतो म्हणून लोक हेडसेट परत करतात. तिथे डू नथिंग करा.

वायरवाली
बघा, इतके टॅब, इतकी प्रोफाईलं, आणि मी काय करते, वायर खोचते आणि बोलते. चार्ज नाही, पेअर नाही, ड्रायव्हर नाही. वाशी स्टेशनसमोरच्या मॉलमधून साधा यूएसबीचा हेडसेट आणला होता, तोंडासमोर माईकची दांडी असलेला. माझ्या शाळेतल्या सगळ्या पालक-सभा त्यावर झाल्या, ऑनलाईन शाळा होती तेव्हा अख्खी वर्षं त्यावर निघाली. लोकांना वायर नको असते कारण वायर दिसायला बरी नाही, बाकी कारण मला तरी दिसत नाही.

पाम_बीच
वायरवाली ताई, दिसण्याचा प्रश्न नाहीये ओ. मी सपोर्टमध्ये आहे, आठ-नऊ तास कानाला हेडसेट. मध्ये पाणी प्यायला उठायचं, दाराची बेल, गॅसवर दूध. वायर असेल तर प्रत्येक वेळी काढा आणि घाला, आणि एखाद दिवशी विसरून उठलं की लॅपटॉप पण सोबत निघतो टेबलावरून. माझी पाठ धरलेली असते, कॉलवर बोलत बोलत घरात फेऱ्या मारते म्हणून तर मी दिवस काढते. मला वायरलेस लागतोच.

आणि लॅपटॉपसाठी वायरलेस घ्यायचाच असेल तर माझं ठाम मत आहे की ज्याच्यासोबत स्वतःचा यूएसबी डोंगल (पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा) येतो तोच घ्या. डोंगल लावला की लॅपटॉपला वाटतं यूएसबीचा हेडसेट जोडलाय. ब्लूटूथचं सगळं जोडकाम डोंगल आणि हेडसेट आपापसात बघून घेतात, दोन्ही एकाच कंपनीचे, वाईडबँड जमतोच. लॅपटॉपचं ब्लूटूथ, त्याचा ड्रायव्हर, विंडोजची उडी, सगळं बाजूला. ऑफिसवाले हेच देतात, जॅब्रा, पॉली (आधीचं प्लँट्रॉनिक्स), लॉजिटेक यांच्या ऑफिस मॉडेलमध्ये डोंगल असतो. माईकची दांडी असलेला घ्या, तोंडाजवळ माईक असला की भंगारवाला आपोआप मागे पडतो.

येऊरची_वाट
पाम_बीच, हे मला पटतंय. पण माझ्या बॉक्सवर ईएनसी असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, नॉईज कॅन्सल होईल म्हणून तर घेतला. मग दांडी कशाला लागते?

पाम_बीच
एएनसी आणि ईएनसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत मुद्दाम एकत्र लिहितात. एएनसी तुमच्या कानासाठी, बाहेरची घरघर तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. ईएनसी तुमच्या माईकसाठी, बाहेरचा गोंगाट समोरच्याला जाऊ नये म्हणून. एएनसी पंखा, एसी, ट्रकचं इंजिन अशा सलग आवाजाला छान, अचानक वाजणाऱ्या हॉर्नला तेवढं नाही. आणि ईएनसी कितीही चांगलं असलं तरी माईक कानाच्या वाटीवर असेल तर तो तोंडापासून लांबच. म्हणून दांडी.

एक्स्चेंजवाले_काका
बरोबर. जुना काळा फोन उचलला की त्याचा माईक बरोबर ओठांसमोर यायचा, ती लांबी मोजूनमापून ठरवलेली होती. शिवाय तुमचाच आवाज थोडासा तुमच्या कानात परत सोडायचे, त्याला साईडटोन म्हणतात. कान झाकून बोलताना माणूस ओरडायला लागतो कारण त्याला स्वतःचा आवाज येत नाही. हेडसेट घेताना साईडटोन आहे का बघा, घरातले दुवा देतील.

नेरूळ_पूर्व
काका!! आमचे हे कॉलवर इतके ओरडतात की वरच्या मजल्यावरच्या काकूंना प्रोजेक्टची डेडलाईन माहीत असते. हेडसेटच्या ॲपमध्ये बघितलं, साईडटोन खरंच होता, बंद होता. चालू केलाय.

गुणगुण
मी वेगळ्याच बाजूने लिहिते. मी नौपाड्यात राहते, गाणं शिकवते, निम्मे विद्यार्थी ऑनलाईन, काही पुण्याचे, काही अमेरिकेतले. शिकवताना ब्लूटूथ अजिबात वापरत नाही, आणि कारण आवाजाच्या दर्जाचं नाही, उशिराचं आहे. वायरलेसमध्ये आवाज बांधायचा, पाठवायचा, सोडवायचा, यात गाण्याच्या प्रोफाईलवर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. नेटचा उशीर त्यावर. बोलताना चालून जातं, पण विद्यार्थी तबल्याच्या ॲपवर गातोय आणि मला समेवर त्याचा सूर उशिरा पोचतोय, तर ताल चुकला की नेट चुकलं हेच कळत नाही. तसंही दोन टोकांना एकत्र गाणं ऑनलाईन होतच नाही, मी गाते मग तो गातो असंच शिकवावं लागतं, पण त्यातसुद्धा वायरने फरक पडतो.

दुसरं म्हणजे या सगळ्या ॲपमधलं गोंगाट गाळणं. त्याला तानपुरा हा पंख्याचा आवाज वाटतो! सलग, न बदलणारा आवाज दिसला की तो पुसून टाकतं. लांब षड्ज लावला की मध्येच सूर खाल्ला जातो, नवीन विद्यार्थ्याला वाटतं आपला श्वास तुटला. झूममध्ये ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स नावाची सोय आहे, ती चालू करायची, आणि मीट-टीम्समध्ये नॉईज सप्रेशन बंद करायचं. गाणं, हार्मोनियम, बासरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं एक जरी केलं तरी शिकवणाऱ्याचे फार उपकार होतील. खरंच सांगते, मुलं चांगली गात असतात आणि आमच्यापर्यंत पोचतच नाही.

अढळपद
गुणगुण, फार महत्त्वाचं लिहिलंत. आयटीयूची (टेलिफोनचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) शिफारस आहे जी.११४, एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा म्हणजे बोलणं सहज होतं. ब्लूटूथनेच त्यातला मोठा वाटा खाल्ला तर दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग "तू बोल, नाही तू बोल".

सेक्टर_सतरा
आमच्याकडे मीटिंगचा पहिला अर्धा तास तेवढ्यातच जातो.

ठाणे_स्लो
माझा प्रश्न वेगळा. आवाज ठीक आहे पण मध्ये मध्ये तुटतो, टकटक होते. वर्तकनगरची जुनी बिल्डिंग, आजूबाजूला सगळ्यांची वायफाय. संध्याकाळी जास्त होतं. लॅपटॉपला यूएसबी हार्डडिस्क लावली की फारच.

खाडीपूल
दोन्ही गोष्टींचं कारण २.४ गिगाहर्ट्झ. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये चालतं, सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत पळत असतं म्हणून टिकतं. जुनी वायफाय त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हन पण तिथेच, आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक एकाच कार्डावर असतात, म्हणजे घरातच भांडण. लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. निम्मं दुखणं तिथेच जातं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर ५ ची रेंज भिंतीत मार खाते, मग लॅपटॉपला लॅन केबल लावा, कॉलसाठी ते सगळ्यात उत्तम.

हार्डडिस्कचं म्हणाल तर यूएसबी ३ च्या वायरी आणि पोर्ट २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, इंटेलने २०१२ मध्ये यावर पेपर काढला होता. कॉलच्या वेळी डिस्क काढून ठेवा, आणि ज्यांच्याकडे डोंगल आहे त्यांनी तो यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटून लावू नका, छोट्या एक्स्टेन्शन वायरने फूटभर लांब ठेवा.

ठाणे_स्लो
५ ला जोडलं. आज दिवसभर एकदाही तुटलं नाही. धन्यवाद!!

वायरवाली
म्हणजे वायरलेस हेडसेट नीट चालावा म्हणून लॅपटॉपला लॅनची वायर, डोंगलला एक्स्टेन्शनची वायर. मी काही बोलत नाही.

सेक्टर_सतरा
ताई आज षटकार. 😂

घणसोली_घरटं
माझ्या हेडसेटला मल्टिपॉईंट आहे, मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही एकदम जोडलेले राहतात. ऐकायला सोयीचं, पण लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना मोबाईलवर कर्ज हवंय का वाला फोन आला की हेडसेट तिकडे पळतो. महत्त्वाच्या कॉलच्या आधी मी मोबाईलचं ब्लूटूथ बंद करतो. ज्यांना मध्येच "आवाज गेला" होतं त्यांनी आधी हे तपासा.

ऐरोली_उड्डाण
ऑफिसमध्ये डेक्टचे (कॉर्डलेस फोनचं तंत्र) हेडसेट पाहिलेत, पूर्ण मजलाभर फिरलं तरी आवाज तुटत नाही. मावशी अमेरिकेतून येणार आहे, तिच्याकडून मागवू का?

पाम_बीच
नको! डेक्ट छान असतं, रेंज जास्त आणि वायफायशी भांडण नाही, कारण त्याचा पट्टाच वेगळा. पण तो पट्टा देशागणिक वेगळा आहे. युरोपात १८८० ते १९००, अमेरिकेत १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ. आणि आपल्याकडे १९२० च्या पुढे मोबाईल कंपन्यांचा पट्टा सुरू होतो, तुमचा हेडसेट तिथे लुडबूड करणार. इथल्यासाठी विकला जाणारा असेल तोच इथल्या दुकानातून बिलासकट घ्या. मावशीला बदाम आणायला सांगा.

नेरूळ_पूर्व
आईसाठी विचारायचं होतं. तिला श्रवणयंत्र आहे, वर हेडसेट घातला की शिट्टी वाजते, काढलं तर ऐकू येत नाही. नातवाशी लॅपटॉपवर बोलायचं असतं. तिच्यासाठी काय करू?

एक्स्चेंजवाले_काका
मीही यंत्र वापरतो म्हणून सांगतो. यंत्राच्या माईकवर काही टेकलं की आवाज फिरून परत आत जातो आणि शिट्टी वाजते. कान पूर्ण झाकणारी, खोल वाटीची मोठी हेडफोन असतील तर यंत्राला न टेकता वर बसतात, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. माझी पद्धत त्याहून सोपी, लॅपटॉपला चांगला स्पीकर, तोंडासमोर ठेवायचा, खोलीचं दार बंद, पंखा मंद. आणि यंत्र जिथून घेतलं त्यांना विचारा की हे ब्लूटूथने थेट जोडता येतं का. नवीन यंत्रांत ती सोय असते, मोबाईलला तर सहज जोडतात. आईंना सांगा, नातवाला म्हणावं तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून सावकाश बोल, ओठ दिसले की निम्मं कळतं.

नेरूळ_पूर्व
काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली यांना नमस्कार कळव.

खाडीपूल
श्रवणयंत्राचा विषय निघालाच आहे तर, या सगळ्या दुखण्यावरचा खरा इलाज येतोय. एलई ऑडिओ. ब्लूटूथवाल्यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, त्यात एलसी३ नावाचा नवीन कोडेक आहे, आणि दोन पद्धतींमधली ती उडीच नाही, स्टीरिओ ऐकता ऐकता माईक चालतो. श्रवणयंत्रांचाही यात आधीपासून विचार केलाय. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून याला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने माईक चालू असतानाही ३२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३२,००० मोजण्यांचा स्टीरिओ मिळेल असं जाहीर केलं. अट एकच, लॅपटॉप आणि हेडसेट दोघांनाही एलई ऑडिओ यायला हवं. बॉक्सवर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय म्हणजे आलंच असं नाही, ते नाव वेगळं छापलेलं शोधा.

अढळपद
+१. सध्या लॅपटॉप नवीन घेणार असाल तर विचारून घ्या. फक्त हेडसेटसाठी लॅपटॉप बदलू नका.

सेक्टर_सतरा
एवढी चर्चा झाली, आता एक दिवस सगळे ठाण्यात मामलेदारची मिसळ खायला भेटू या. तिखट घेतलं की कुठल्याही हेडसेटशिवाय कानातून आवाज येतो.

सफरचंदी
खारघरहून ठाण्याला मिसळीसाठी येईन, पण शनिवार-रविवारच. पनवेल-ठाणे लोकलने सरळ.

येऊरची_वाट
मंडळी, माझं काय ठरलं ते सांगतो. आहे तो हेडसेट ठेवतोय, रात्रीच्या गाण्यांना आणि बहिणीच्या फोनला, माईक लॅपटॉपचा, खिडकी बंद. रविवारी सकाळी रस्ता तसा शांत असतो. ऑफिसच्या कॉलसाठी मात्र पाम_बीच यांच्या म्हणण्याप्रमाणे डोंगलवाला, दांडीवाला घेतला, एकाच कानाचा, म्हणजे दाराची बेल पण कळते. पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले आज स्पष्ट येतोयस. गाणी त्यावर साधारणच वाजतात, पण कामाच्या वेळी गाणी कुठे ऐकायची आहेत. आणि रक्कम सांगताना "सहा शून्य" म्हणायला लागलोय, काका.

वायरवाली
अभिनंदन. मला फक्त एवढंच सांगा, चार्जिंग संपलं तर त्याला वायर लावून बोलता येतं का? म्हणजे मीही विचार करीन.

पाम_बीच
ताई, चांगला प्रश्न. मॉडेलवर आहे. काहींना यूएसबीची वायर लावली की चार्जही होतो आणि लॅपटॉपला यूएसबी हेडसेट म्हणूनही चालतो. काहींना नुसता चार्ज. आणि गाण्यांच्या बऱ्याचशा हेडफोनना ३.५ मिमीची गोल पिनची वायर लावली की आवाज येतो पण माईक बंद पडतो. घेताना दुकानातच वायर लावून, एखादं रेकॉर्डिंग करून, परत ऐकून बघा. माझ्याकडचा वायरवर बोलतो. मिसळीला येताना आणते, लावून बघा.

वायरवाली
आणा. शनिवारी दहा वाजता, तहसील कार्यालयाच्या दारात.